माहितीदाता क्रमांक सात

बेंजामिन ओहोळ पुस्तकात गेले, ही बातमी पुस्तक यायच्या आधीच देवळाली प्रवरात पोचली होती. पोचवायचं काम खुद्द बेंजामिन ओहोळांनीच अंगावर घेतलं होतं, त्यामुळे त्यात कसर राहायचा प्रश्नच नव्हता. डेअरीवर, रेशनच्या रांगेत, रविवारी उपासना सुटल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर, जिथं चार माणसं उभी दिसतील तिथं ते पाचवे होत. बोलणं हवापाण्यावर चाललेलं असलं तरी ते वळवून पुस्तकावर आणत.

"आपल्या सिल्व्हियानं पुस्तक लिहिलंय. सगळं आपल्या सुगीवर हाय. मी हाय त्यात. अमेरिकेतबी मिळतंय."

माणसानं जन्मभर एसटीत कंडक्टरकी केली होती. आवाज असा, की मागच्या बाकावर घोरणारा गडी आपलं गाव आलं म्हणून दचकून उठायचा आणि खरंच त्याचं गाव आलेलं असायचं. बेंजामिन निवृत्त झाले, आवाज काही निवृत्त झाला नाही. आणि तो झाला नाही हे चर्चच्या मंडळीच्या पथ्यावरच पडलं, कारण सुगीच्या सणाचा लिलाव तेच करत.

सुगीला मंडळीतली माणसं आपापल्या पहिल्या पिकातलं काहीतरी आणून देवापुढे ठेवतात. ऊस, बाजरीची कणसं, भोपळे, अंडी, पायाला दोरी बांधलेला कोंबडा. ज्याला शेत नाही तो घरी केलेला केक आणतो. उपासना झाली की आवारात सगळ्याचा लिलाव होतो. घेणारा पैसे भरतो आणि बहुतेक वेळा वस्तू परत टेबलावर ठेवतो, की पुन्हा बोली. एकेक भोपळा दुपारपर्यंत निम्म्या गावाच्या मालकीचा होऊन येतो. या लिलावात बेंजामिनचे दोन कायदे होते. वस्तू कुणी दिली त्याचं नाव घेतल्याशिवाय बोली सुरू व्हायची नाही, आणि घेणाऱ्याचं नाव तीनदा घेतल्याशिवाय ती संपायची नाही. "कृपादान एक वार, कृपादान दोन वार, कृपादान तीन वार," असं झालं की माल गेला. मग देवदूत आला तरी बोली उघडायची नाही.

त्यांची लेक सिल्व्हिया श्रीरामपूरच्या एका कॉलेजात समाजशास्त्र शिकवायची, तासिका तत्त्वावर. म्हणजे तास घेतला तर पैसे, कॉलेजला सुट्टी लागली की पगारालाही सुट्टी. कायम व्हायचं तर पीएच.डी. पाहिजे म्हणाले, तर तिनं याच सुगीच्या लिलावावर पीएच.डी. केली. ती झाल्यावर म्हणाले, आता पुस्तक पाहिजे, मुलाखतीत त्याला गुण असतात. प्रबंध वाचण्यासाठी लिहितात असा कुणाचा समज असेल तर त्यानं तो वेळीच काढून टाकावा. प्रबंध लिहितात, बांधतात आणि विद्यापीठाच्या कपाटात ठेवतात. पुढचं वाळवी बघून घेते. पुस्तकं छापणाऱ्या प्रकाशकांनी सिल्व्हियाला दारातूनच वाटेला लावलं, तेव्हा एका मैत्रिणीनं तिला इंटरनेटवरची जागा दाखवली. सकाळी फाईल चढवायची, संध्याकाळी आपण लेखक. मध्ये कुणी विचारत नाही, कुणी अडवत नाही, कुणी वाचतही नाही.

नाव होतं, 'सुगी-उत्सवांतर्गत लिलाव-प्रक्रियेचे सामाजिक-सांस्कृतिक परिप्रेक्ष्य : एक चिकित्सक अभ्यास'. मुखपृष्ठ त्या जागेनंच दिलं. कुठल्यातरी परमुलखातलं गव्हाचं शेत, लाल ट्रॅक्टर आणि त्याच्याशेजारी टोपी घातलेला शेतकरी. पुस्तकाचं नाव एवढं लांबलं की शेतकरी त्याच्याखाली गेला, टोपी तेवढी वर राहिली. चार-दोन प्रती खपल्या. एका वाचकानं पाच तारे देऊन अभिप्रायही लिहिला, 'पुस्तक वेळेत मिळाले. पॅकिंग मजबूत.' पुस्तक परदेशातही मागवता येतं असं कळल्यावर कॉलेजनं फाटकावर फ्लेक्स लावला आणि सिल्व्हिया रातोरात आंतरराष्ट्रीय लेखिका झाली. तासिका मात्र तेवढ्याच राहिल्या.

पुस्तक कुरिअरनं घरी आलं त्या दिवशी बेंजामिननी दाढी केली. चहा घेतला, चष्मा पुसला आणि ओसरीवर बसून पहिल्या पानापासून सुरुवात केली. 'प्रस्तुत संशोधनाची सैद्धांतिक पृष्ठभूमी विशद करताना' इथपर्यंत ते एका दमात गेले आणि तिथंच त्यांची गाडी बंद पडली. मग त्यांनी वाचणं सोडून दिलं आणि दहावीच्या निकालात नंबर शोधावा तसं आपलं नाव शोधायला लागले. बोट ओळीओळीवरून फिरवलं. मागून पुढं आले, पुढून मागं गेले. ओहोळ नाही, बेंजामिन नाही. शेवटी संदर्भसूचीत एक बेंजामिन सापडला, पण तो कुणी जर्मन निघाला.

त्यांनी लेकीला हाक मारली.

"सिल्व्हिया, मी कुठं हाय गं ह्यात?"

"आहात की पप्पा. सगळीकडे आहात." तिनं पान उघडून बोट ठेवलं. "हे बघा. माहितीदाता क्रमांक सात. ते तुम्हीच."

बेंजामिन त्या सातच्या आकड्याकडे बघत राहिले. "आन नाव?"

"संशोधनात नाव देत नाहीत, पप्पा. ज्याच्याकडून माहिती घेतली त्याची ओळख झाकायची असते. नियम आहे तसा. तुम्ही संमतिपत्रावर सही केली होती ना?"

"सही तू म्हनलीस म्हनून केली. माझं नाव झाक म्हनून न्हाई केली." त्यांनी पुढची-मागची पानं उलटली. मग विचारलं, "तीन नंबर कोन हाय?"

"ते सांगता येत नाही."

"ऊसवाल्यानं भोपळा कसा घेतला ते लिहिलंय. म्हंजी कृपादानच. त्यो तीन आन मी सात?"

"ज्या क्रमानं मुलाखती घेतल्या तसे आकडे आहेत. बाकीच्यांच्या वेळा सांभाळाव्या लागल्या. तुम्ही काय, घरातलेच."

सिल्व्हिया हे सहज बोलली आणि तास घ्यायला श्रीरामपूरची एसटी पकडून गेली. बेंजामिनना मात्र ते लागलं. घरातला माणूस शेवटी जेवतो, हे त्यांना मान्य होतं. पण पुस्तकातही पंगत असते हे त्यांना ठाऊक नव्हतं.

त्यापेक्षा वाईट गोष्ट दुपारी घडली. आता आपला नंबर कळला म्हणून त्यांनी सातची पानं काढून वाचली. 'माहितीदाता क्र. ७ हा लिलाव-प्रक्रियेतील केंद्रीय अभिकर्ता असून त्याचे वाचिक सादरीकरण आरोहात्मक व पुनरुक्तिप्रवण स्वरूपाचे आढळते.' अभिकर्ता हा शब्द त्यांनी विमा एजंटाच्या पाटीवर वाचला होता, पण आपण कधी कुणाचा विमा उतरवला नाही हे त्यांना पक्कं आठवत होतं. पुनरुक्तिप्रवण हा शब्द त्यांनी जिभेवर फिरवून पाहिला. तो काही चांगला लागेना. कुणाला विचारावं तर आपल्या लेकीनं आपल्याबद्दल काय लिहिलंय ते आपल्याला कळत नाही, हे कबूल करावं लागणार. आणि लेकीलाच विचारावं तर ती खरं सांगणार.

खरी गोष्ट एवढीच होती. नाव आलं नाही याचं दुःख होतंच, पण त्यांना जाणून घ्यायचं होतं ते वेगळं. आपली शिकलेली लेक आपल्याला काय समजते? हे घरात कुणी कुणाला विचारत नाही. तिनं ते जन्मात एकदाच लिहिलं, तेही तीनशे पानांच्या मोठ्या पुस्तकात, आणि बापाला वाचता येऊ नये अशा भाषेत.

रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर कृपादान त्यांची वाटच बघत होता. कृपादान म्हणजे प्रवरेकाठचा ऊस बागायतदार, बेंजामिनचा बालमित्र आणि लिलावातला जन्माचा वैरी. भरल्या सभेत लाजवून त्याला महागात माल घ्यायला लावणं हा बेंजामिनचा दरवर्षीचा खेळ होता. कृपादाननं मोबाईलवरून पुस्तक मागवून घेतलं होतं आणि एका पानाचा कोपरा दुमडून आणला होता.

"बेंजा, तीन नंबर म्या हाय ना? आता मला सांग. हितं लिहिलंय, माहितीदाता तीन हा प्रतिष्ठा-प्रेरित उपभोक्ता हाय. ही शिवी हाय का?"

भोवती पाच-सहा जण गोळा झाले होते. बेंजामिनना त्या शब्दाचा ओ की ठो कळला नव्हता. पण लेकीनं गावातल्या माणसाला छापून शिवी दिली असं कसं होऊ द्यायचं? त्यांनी छाती पुढं काढली.

"शिवी कशी आसंल? पदवी हाय ती. मान दिलाय तुला."

"मंग चांगलंय," कृपादान म्हणाला. त्यानं तो शब्द दोनदा म्हणून पाठ केला आणि तिथंच उभ्याउभ्या बायकोला ऐकवला. "आन तू कुठल्या पानावर हाईस? तुजं नाव दाव की. लई दिवस सांगतोयस."

"हाय की. घरी हाय पुस्तक."

"माज्याजवळ हाय. ह्यातच दाव."

बेंजामिननी चष्मा घरी राहिल्याचं सांगितलं. चष्मा नाकावरच होता. कृपादाननं एकदा त्या चष्म्याकडे बघितलं आणि पुस्तक मिटलं, ते बेंजामिनना फार झोंबलं.

पुढच्या आठ-दहा दिवसांत गावात भलतंच सुरू झालं. सिल्व्हियानं ज्यांच्या ज्यांच्या मुलाखती घेतल्या होत्या ते सगळे कृपादानच्या प्रतीवर तुटून पडले आणि आपापला नंबर हुडकून बसले. दारातलं लिंबोणीचं झाड हीच जिची शेती, ती मार्थाबाई पाच निघाली. उपासना चालवणारे पाळकसाहेब एक निघाले, ते साहजिकच होतं. चर्चमध्ये लोक एकमेकांना "काय पाच नंबर, बरं हाय का?" म्हणून विचारायला लागले. ज्यांची ओळख झाकण्यासाठी सिल्व्हियानं एवढा खटाटोप केला होता, ते सगळे आता गावभर नंबर सांगत हिंडत होते. मुलाखत न झालेले चौघे-पाच जण रुसून बसले ते वेगळेच. फक्त सात नंबर आपण होऊन पुढं आला नाही.

शेवटी बेंजामिनची बायको सारा लेकीला म्हणाली, "तुझ्या पप्पांचं काय बिनसलंय बघ. डेअरीवर नुसतं हवापाण्यावर बोलत्यात म्हनं."

सिल्व्हिया हसली, पण मग हसायची थांबली. तिनं ओसरीवर जाऊन पाहिलं. पुस्तक खिडकीत होतं आणि त्यावर वडिलांनी चष्म्याचं घर ठेवलं होतं. सातच्या पानात एसटीचं जुनं तिकीट खुणेला घातलेलं होतं. त्या पानावर 'पुनरुक्तिप्रवण' या शब्दाखाली पेन्सिलीची रेघ होती. तिनं तो शब्द वाचला आणि तिला स्वतःचीच लाज वाटली.

सुगीचा रविवार उजाडला. आवारात मांडव, टेबलावर ढीग, कोंबड्यांचा कलकलाट, लाऊडस्पीकरची शिट्टी. बेंजामिन माईक घेऊन उभे राहिले आणि जुना गडी मैदानात उतरावा तसे रंगात आले. मार्थाबाईचं लिंबू आधी घेतलं.

"हे लिंबू कुनाचं? मार्थाबाईचं. दारातलं झाड. नळाला पानी न्हवतं तवा भांडी घासलेलं पानी घालून जगवलंय मार्थाबाईनं. मार्थाबाईचं लिंबू हाय हे, बागायतदाराचं न्हाई. कृपादान, खाली काय बघतोस? वर बघ."

कृपादाननं वर बघितलं आणि फसला. मोसंबीची पाटी येणार नाही एवढ्या भावाला लिंबू गेलं.

भोपळे झाले, ऊस झाला, केक झाले. पुढची वस्तू घ्यायला बेंजामिननी टेबलाकडे हात नेला आणि त्यांच्या हाताला पुस्तक लागलं. लाल ट्रॅक्टर, वर टोपी.

त्यांनी पहिल्या रांगेकडे पाहिलं. सिल्व्हिया उठून उभी राहिली होती.

"माझ्याकडे शेत नाही, पप्पा. माझं पहिलं पीक तेच आहे."

मांडवात खसखस पिकली. कृपादाननं खुर्चीतूनच आवाज दिला, "मालाची माहिती सांग, बेंजा. न्हाईतर बोली कशी लावायची?"

पद्धत होती तशी. कुणी नव्या जातीची भाजी आणली आणि लिलाववाल्याला ती ओळखू आली नाही, तर देणाऱ्यानं स्वतः उभं राहून सांगायचं. बेंजामिननी माईक लेकीपुढं धरला.

"प्रस्तुत ग्रंथात," सिल्व्हियानं सुरुवात केली, "लिलाव-प्रक्रियेच्या प्रतीकात्मक..."

एक कोंबडा आरवला. मागच्या रांगेत कुणीतरी जांभई दिली, ती माईकपर्यंत ऐकू आली. कॉलेजात तिनं हे वाक्य कितीतरी वेळा म्हटलं होतं, पण ज्यांच्याबद्दल ते होतं त्यांच्यापुढं कधी म्हटलं नव्हतं.

"बाई," बेंजामिन हळू म्हणाले, "गिऱ्हाइकाला कळंल आसं सांग."

सिल्व्हियानं खाली पाहिलं. मग ती सरळ बोलायला लागली.

"या पुस्तकात एवढंच आहे, की आपल्या गावात गरिबाचं लिंबू कधी पडून राहत नाही. बाजारात मालाला भाव असतो. इथं आपण देणाऱ्याच्या नावाला भाव देतो. हे आपोआप होत नाही, एक माणूस ते करतो. कुणाचं झाड कसं जगलं, कुणाच्या घरी यंदा काय झालं, हे तो वर्षभर लक्षात ठेवतो. आणि ज्याच्याकडे आहे त्यालाच बरोबर लाजवतो."

"आता कळलं," कृपादान म्हणाला. लोक हसले.

"मी पहिल्यांदा लिहिलं तेव्हा त्या माणसाला नाव होतं," सिल्व्हिया म्हणाली. "'माझे वडील' असंच लिहिलं होतं. माझ्या मार्गदर्शकांनी त्याच्याभोवती लाल गोल काढले. म्हणाले, संशोधनात बाप नसतो, माहितीदाता असतो. मी खोडलं. मला पास व्हायचं होतं. इतक्या ठिकाणी खोडलं, की शेवटी माझाच आकड्यावर विश्वास बसला." तिनं वडिलांकडे पाहिलं. "माहितीदाता क्रमांक सातची परवानगी असेल, तर नाव सांगते."

जन्मभर ज्यांच्या आवाजानं माणसं उठली त्या बेंजामिनच्या तोंडून शब्द फुटेना. त्यांनी नुसती मान हलवली.

"बेंजामिन सायमन ओहोळ," सिल्व्हिया म्हणाली.

नाव लाऊडस्पीकरमधून बाहेर पडलं, रस्त्यापलीकडच्या डेअरीपर्यंत गेलं. बेंजामिन माईक हातात धरून तसेच उभे राहिले. लिलाव पुढं न्यायला लिलाववालाच शुद्धीवर नव्हता. मग कृपादान उठला, घसा साफ केला आणि कुणी न लाजवता, आपणहून, आयुष्यात पहिल्यांदा पहिली बोली लावली.

पुस्तक त्या दिवशी फार फिरलं. कृपादाननं घेतलं आणि परत टेबलावर ठेवलं. पाळकसाहेबांनी घेतलं, परत ठेवलं. मार्थाबाईनं तिघींत मिळून घेतलं आणि परत ठेवलं. दानधर्म म्हणून ठेवलं की घरी नेऊन वाचावं लागेल या भीतीनं, ते देवालाच ठाऊक. पण देवळाली प्रवरात एकाच पुस्तकाला एका दुपारी एवढी गिऱ्हाइकं मिळाली, हे अमेरिकेतही झालं नसतं. शेवटी कृपादाननं ते पुन्हा घेतलं आणि ठेवून घेतलं.

"माजी पदवी हाय ह्यात," तो म्हणाला. सिल्व्हियानं यावर काही खुलासा केला नाही. समाजशास्त्रापेक्षा मोठं शहाणपण तिला त्या दिवशी आलं होतं.

ऊन कलल्यावर बापलेक पायी घरी निघाले. बक्षिसासारखा एक भोपळा बेंजामिनच्या काखेत होता. उसाच्या ट्रॉल्यांना वाट देत दोघं कडेकडेनं चालत होते.

"पुनरुक्तिप्रवण म्हंजी काय गं?" बेंजामिननी विचारलं.

"तेच तेच पुन्हा पुन्हा बोलणारा."

बेंजामिननी भोपळा या काखेतून त्या काखेत घेतला. "खरं हाय की. मार्थाबाईचं नाव एकदा घिऊन लिंबू जात न्हाई."

"मी तर तुमचं एकदाही घेतलं नव्हतं, पप्पा."

"आज घेतलंस."

"एकदाच." सिल्व्हिया थांबली. "त्या इंटरनेटच्या पुस्तकाचं एक बरं असतं. फाईल बदलता येते. तुमची सही लागेल फक्त. सगळीकडे नाव घालते. मार्गदर्शक काय म्हणायचं ते म्हणू देत."

"घाल. कृपादानाचंबी घाल, न्हाईतर रुसंल." ते चार पावलं पुढं गेले आणि वळले. "तवर तोंडानं घे की आनखी एकदा."

रस्त्यावर कुणी नव्हतं. सिल्व्हियानं वडिलांसारखीच मान वर केली आणि त्यांच्याच सुरात पुकारलं, "बेंजामिन सायमन ओहोळ, दोन वार."

बेंजामिन आधी हसले आणि मग त्यांचे डोळे भरून आले. सिल्व्हियानं तिसऱ्यांदा तोंड उघडलं, तसा त्यांनी भोपळा सावरत हात वर केला.

"ऱ्हाऊ दे. तिसरं नगं घिऊ," ते म्हणाले. "तिसरं झालं की माल जातो."